आधी सगळ्यात कमी रेंजचा विद्यार्थी शोधा

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली तेव्हा मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात एस.वाय.बी.एस्सी.ला ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवत होते. होस्टेल रिकामं झालं आणि मुलं आपापल्या गावी गेली. कुणी तापीकाठच्या गावांत, कुणी वर धडगावकडच्या पाड्यांवर. पहिल्या लाइव्ह लेक्चरला ६४ पैकी १९ जण आले. त्यातला एक मध्येच म्हणाला, "मॅडम, आठे रेंज नही शे," म्हणजे इथे रेंज नाही, आणि गेला. उरलेल्या ४५ जणांचं काय, या प्रश्नातून मी जे शिकले ते नवीन प्राध्यापकांसाठी लिहिते आहे. पुन्हा कधी कॉलेज बंद ठेवायची वेळ आलीच, तर पहिले दोन आठवडे माझ्यासारखे वाया घालवू नका.

लेक्चर सुरू करण्याआधी प्रत्येकाला साधा फोन करा. गुगल फॉर्म पाठवू नका, कारण ज्याच्याकडे नेट नाही तो फॉर्म भरणारच नाही आणि तुमच्या यादीतून तोच गळेल. चार गोष्टी विचारा: फोन स्वतःचा की घरातला, रेंज घरात येते की बाहेर जावं लागतं, रोजचा डेटा किती, आणि दिवसा शेतात काम असतं का. माझ्या वर्गात सात मुलींना फोन रात्री आठनंतर, भाऊ किंवा वडील शेतातून आल्यावरच मिळायचा. सकाळी दहाचं लेक्चर त्यांच्यासाठी नव्हतंच. हे वहीत नावासमोर लिहून ठेवा आणि सगळी आखणी त्या यादीतल्या सर्वांत अडचणीच्या नावावरून करा.

मी लाइव्ह शिकवणं जवळजवळ सोडलं. तासभराच्या व्हिडिओला कितीतरी शे एमबी जातात. पाच मिनिटांची व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट एका एमबीच्या आत बसते. मी पानाचा एक स्वच्छ फोटो आणि त्यावर पाच-सहा मिनिटांचा आवाज, अशी जोडी करायचे. फोटो काढायला दोन स्टीलच्या डब्यांवर लाकडी पट्टी आडवी ठेवली, तिच्यावर फोन स्क्रीन वर करून, मागचा कॅमेरा पट्टीबाहेर आणि खाली वही. हात हलत नाही, अक्षर फाटत नाही.

बोलताना एक काळजी घ्या. ऐकणाऱ्याला फळा दिसत नाही, म्हणून त्याचं बोट पानावर ठेवून घ्या. एसएन-टू रिअ‍ॅक्शन (कार्बनवरचा एक गट सुटतो आणि त्याच वेळी दुसरा विरुद्ध बाजूने येऊन त्याची जागा घेतो) मी अशी सांगायचे: "दोन नंबरची आकृती समोर घे. मधल्या कार्बनवर बोट ठेव. उजवीकडे ब्रोमीन आहे ना? आता बोट डावीकडे ने. हायड्रॉक्साईड इथून, म्हणजे ब्रोमीनच्या बरोबर विरुद्ध बाजूने येतो. बाण ऑक्सिजनपासून कार्बनकडे काढ. उलटा काढू नकोस, बाण इलेक्ट्रॉन जिथून निघतात तिथून निघतो. इथे थांब, काढून झालं की पुढची नोट ऐक." 'हे', 'ते', 'असं' हे शब्द मी वेचून काढले. वर्गात ते हातवाऱ्यांवर चालतात, आवाजात त्यांचा काही अर्थ उरत नाही.

पाठवायची वेळ रात्री नऊ. बहुतेकांचा पॅक रोजच्या दीड जीबीचा. उरलेला डेटा बारा वाजता संपतो, तो आपल्या कामी येऊ द्या.

आठवड्यातून एकदाच लाइव्ह घ्या, फक्त शंकांसाठी, कॅमेरे बंद ठेवून. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी मीटिंग तुटते, म्हणून अवघड शंका आधी घ्या. हजेरी मात्र लाइव्हवर कधीच लावू नका. सोडवलेल्या पानाचा फोटो आला की हजेरी. कापूस वेचणीच्या दिवसांत मी त्यालाही तीन दिवसांची मुदत द्यायचे.

प्रॅक्टिकलचं दुःख मला अजून आहे. ब्युरेटचा, म्हणजे थेंब सोडायच्या मापनळीचा, कॉक स्वतःच्या बोटांनी फिरवल्याशिवाय टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता काढणं) येत नाही, व्हिडिओ त्याची जागा घेत नाही. तरी रिकाम्या लॅबमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि सोडियम हायड्रॉक्साईडचं टायट्रेशन रेकॉर्ड केलं, तेही फक्त शेवटचं दीड मिनिट, फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवून. फिकट गुलाबी रंग टिकतो तो थेंब दिसला पाहिजे. मग प्रत्येकाला वेगळं रीडिंग दिलं, म्हणजे जर्नलमधलं गणित ज्याचं त्यालाच करावं लागलं.

ऑनलाइन परीक्षेआधी सराव पेपर किमान दोनदा घ्या, त्याच फोनवर, मुलगा जिथे बसणार त्याच जागी. लाइन तुटली तर स्क्रीनशॉट काढून लगेच कुणाला फोन करायचा, तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावा.

आणि ज्यांच्यापर्यंत व्हॉइस नोटही पोहोचत नाही त्यांना झेरॉक्स द्या. एसटी बंद होती तेव्हा मी किराणा नेणाऱ्या टेम्पोवाल्या दादांकडे धडगावचे पाच गठ्ठे दिले, प्रत्येकावर नाव आणि पाडा लिहून. दहा दिवसांनी त्याच टेम्पोतून सोडवलेली पानं परत आली. एका पानावर एसएन-टूचा बाण ऑक्सिजनपासूनच निघाला होता.