आत्याच्या अंगठ्याला कुलूप लावताना

आत्याच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, मी पुण्यात बसून लॉक केलं, आणि तीन दिवसांनी ती रेशन दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आली. मशीन अंगठा घेईना. पडद्यावर 330 आकडा, म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे. उघडायचा ओटीपी आला माझ्या फोनवर, आणि मी मीटिंगमध्ये. कार्डावर दुसरं कुणी असतं तर त्याच्या अंगठ्यावर धान्य मिळालं असतं. आत्या एकटी. तिला मी विचारलंही नव्हतं.

तरी लॉक करावंच. गावात मायक्रो एटीएमवाला येतो, हातातल्या छोट्या मशीनवर खात्यातले पैसे काढून देणारा. त्याला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांची नकली बोटं बनवून लोकांची खाती साफ केल्याचे प्रकार देशात घडलेत. एटीएमचा पिन बदलता येतो, बोट कुठून बदलणार? माझं तर म्हणणं, हे कुलूप मुळातच लागलेलं असावं आणि ज्याला हवं त्याने उघडावं. सध्या उलटं आहे.

तर आधी मोबाइल नंबर बघा. आधारला ज्याचा फोन जोडलाय, किल्ली त्याच्या खिशात. आत्याला आधार केंद्रावर नेऊन मी माझा नंबर काढून तिचाच टाकला. अर्धा दिवस गेला, पण खरं काम तेच.

मग मायआधारच्या साइटवर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा. तिथे ‘बायोमेट्रिक लॉक’ निवडा. शेजारी ‘आधार लॉक’ असाही पर्याय दिसतो. त्याने क्रमांकच बंद होतो आणि पुढे आधार क्रमांकाऐवजी वापरायच्या 16 आकडी व्हीआयडीवाचून अडतं. म्हाताऱ्या माणसासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. बायोमेट्रिक लॉक असलं तरी ओटीपीची कामं चालू राहतात.

तिथेच आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची यादी मिळते, मागच्या सहा महिन्यांची. ती वाचाच. आपण न केलेला व्यवहार दिसला तर बँकेला आणि 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच दिवशी फोन.

उघडणं मात्र जिचं बोट तिलाच शिकवा. तात्पुरतं अनलॉक केलं की दहा मिनिटं मिळतात, म्हणून घरून उघडून निघायचं नाही. रांगेत पुढे दोनच माणसं उरली की उघडायचं. आत्याकडून मी हे ओट्यावर बसून चार वेळा करून घेतलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “अरे, तिजोरीसुद्धा एवढा छळ करत नाही.”

आता दारामागच्या कॅलेंडरवर रेशनच्या तारखेला तिने किल्लीचं चित्र काढलंय. नोव्हेंबरच्या पानावरही एक आहे. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यालाही ती अंगठाच देते.