ग्रीक परफेक्ट ओळखायचा कसा आणि वाचायचा कसा

प्राचीन ग्रीक शिकताना परफेक्ट या क्रियापदाच्या रूपापाशी बरेच जण अडकतात, कारण तो इंग्रजीतून समजून घ्यायला जातात. मराठीतून बघा ना सरळ. अपेथाने म्हणजे 'तो मेला', घटना घडली, विषय संपला. तेथ्नेके म्हणजे 'तो मेलेला आहे', कधी मेला ते जाऊ द्या, आत्ता काय अवस्था आहे ते सांगायचंय. पहिला एओरिस्ट (घडून गेलेली घटना सांगणारा भूतकाळ), दुसरा परफेक्ट.

आता ओळखायचं कसं, तर आधी शब्दाची सुरुवात बघायची. पहिलं व्यंजन दोनदा आलंय आणि मध्ये 'ए' आहे, तर बहुतेक परफेक्टच. लूओ (सोडतो) चं लेलुका, ग्राफो (लिहितो) चं गेग्राफा. धातू थ, फ, ख ने सुरू होत असेल तर आधी त, प, क लागतो, म्हणून थेथ्नेके नाही, तेथ्नेके. संस्कृतचा लिट् (परोक्ष भूतकाळ) ज्यांनी घोकलाय त्यांना लगेच पटेल, भू चं बभूव होतं तसंच हे.

पण मधला स्वर नीट बघा हं! दिदोमि म्हणजे 'देतो', देदोका म्हणजे 'दिलंय'. मी सुरुवातीला डबल अक्षर दिसलं की डोळे झाकून परफेक्ट लिहायचो आणि सगळे दिदोमि चुकायचे.

सुरुवातीला 'स्त्र' सारखं, स ने सुरू होणारं जोडाक्षर असेल तर नुसता 'ए' लागतो आणि तो एओरिस्टच्या 'ए' सारखाच दिसतो, तिथे शेवट बघायचा, एस्त्रातेउसा एओरिस्ट, एस्त्रातेउका परफेक्ट. कर्मणीत हा 'का' गायब होतो आणि माइ, साइ, ताइ येतं. बायबलच्या नव्या करारात सारखं भेटणारं गेग्राप्ताइ ते हेच, 'लिहिलेलं आहे'.

योहानाच्या शुभवर्तमानात (19:22) येशूच्या क्रूसावरची पाटी बदला म्हणून मुख्य याजक मागे लागतात तेव्हा रोमन सुभेदार पिलात म्हणतो, 'हो गेग्राफा, गेग्राफा' (इथे हो म्हणजे 'जे'). 'जे लिहिलं ते लिहिलं' केलं तरी चालेल, पण मला 'जे लिहिलंय ते लिहिलंय' जास्त आवडतं, कारण त्या 'य' मध्ये पाटी अजून तिथेच आहे.

एक अपवाद मात्र पाठच करा, ओइदा. द्वित्व (पहिलं व्यंजन दोनदा येणं) नाही, 'का' नाही, तरी परफेक्ट. मूळ अर्थ 'मी पाहिलंय', म्हणून 'मला माहीत आहे'. संस्कृतमध्ये याचा सख्खा भाऊ आहे, वेद, म्हणजे विद् चं 'जाणतो' वालं रूप, आणि गंमत म्हणजे द्वित्व त्यालाही नाही.