ठिपक्यांचं निसर्गचित्र कसं काढावं : जॉर्ज सराच्या पद्धतीने

1890 च्या उन्हाळ्यात फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा ग्राव्हलिन या बंदराच्या गावी होता. तिथल्या कालव्याची चार निसर्गचित्रं त्याने ठिपक्याठिपक्यांनी रंगवली. पुढच्या मार्चमध्ये तो गेला, अवघ्या 31 व्या वर्षी. त्या चित्रांत पाणी, धक्का, दूरची घरं आणि भरपूर आकाश, एवढंच आहे. म्हणूनच शिकायला ती उत्तम. त्याच्या ‘ग्रांद जात’ या सुप्रसिद्ध चित्राला लगेच हात घालू नका, ते दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे.

1. तीनचार मोठे भाग सहज वेगळे दिसतील असं दृश्य निवडा. दाट झाडी टाळा. कागद पोस्टकार्डाच्या दुप्पट पुरे.

2. आधी चारकोलने फक्त छाया-प्रकाश मांडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग चित्र पिठूळ दिसतं. सरा खरबरीत कागदावर काळ्या खडूने अशी रेखाटनं करत असे, आणि जागेवर बसून लाकडाच्या छोट्या फळ्यांवर रंगीत अभ्यासही. ठिपके त्यानंतर.

3. अ‍ॅक्रिलिक किंवा पोस्टर कलर चालतील. काळा आणि तपकिरी बाजूला ठेवा.

4. प्रत्येक भागाला त्याच्या मूळ रंगाचं पातळ अस्तर द्या आणि वाळू द्या.

5. आता एक किंवा दोन नंबरचा गोल ब्रश घ्या. प्रथम वस्तूच्या स्वतःच्या रंगाचे ठिपके, मग उन्हासाठी नारिंगी-पिवळे, सावलीत निळे-जांभळे. शेवटी थोडेसे पूरक रंगाचे: हिरव्यात लाल, निळ्यात नारिंगी. निळे आणि पिवळे ठिपके शेजारी ठेवले की लांबून हिरवा दिसतो असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात राखाडीकडे झुकणारा रंग दिसतो. गवत हवं असेल तर हिरवाच वापरा.

6. जिथे उजळ भाग गडद भागाला भिडतो, तिथे उजळ बाजू आणखी उजळ करा, गडद बाजू आणखी गडद. शेजारच्या रंगांचा हा परिणाम रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलने 1839 मध्ये मांडला होता. सराने तो बारकाईने अभ्यासला.

7. मधूनमधून उठून लांबून बघा. दोन मिलिमीटरचे ठिपके पुरते मिसळायला सहासात मीटर अंतर लागतं, पण तेवढं लांब जायची गरज नाही. अर्धवट मिसळतात तेव्हाच पाणी थरथरल्यासारखं वाटतं.

काम संथ आहे. सराहून 29 वर्षांनी मोठा चित्रकार पिसारो हौसेने या पद्धतीकडे वळला आणि काही वर्षांत कंटाळून परतला.

8. सरासारखी ठिपक्यांची चौकट हवी असेल तर कडेने बोटभर जागा आधीच सोडा. आकाशाशेजारी नारिंगी ठिपके, वाळूशेजारी निळे, असं करत चारही बाजू भरा.