बिलात जास्त लागले, सुट्टे कमी मिळाले? सुपरमार्केटातून पैसे परत घेताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काउंटरवर जाऊन "हे परत घ्या" म्हणणे. तसे म्हटले की दुकानाचे माल परतीचे नियम लागू होतात. ठरावीक दिवसांची मुदत, न फोडलेले पाकीट आणि रोख रकमेऐवजी क्रेडिट नोट, म्हणजे त्याच दुकानात पुढच्या खरेदीला वापरायची चिठ्ठी. तुमची तक्रार मात्र मालाबद्दल नसतेच. हिशेब दुकानाचा चुकला आहे आणि तो दुरुस्त करायला माल परत द्यावा लागत नाही. म्हणून स्पष्ट सांगा, "माल ठेवतोय, बिल दुरुस्त करून फरक द्या." बिलामागे "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापलेले असले तरी त्याचा इथे संबंध नाही. फरक रोख किंवा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात मागा. सोबत दुरुस्त बिलही घ्या, नाहीतर पैसे परत मिळाल्याचा पुरावा राहत नाही.

डबा भरून पाकीट फेकू नका

जास्त पैसे लागण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे एका बारकोडला असलेले दोन भाव. कंपनीने किंमत बदलली तरी बारकोड बहुधा तोच राहतो. स्कॅन केल्यावर कॅशियरच्या स्क्रीनवर दोन-तीन एमआरपींची यादी येते आणि त्यातून पाकिटावरची निवडावी लागते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या गर्दीत ते न बघता एंटर दाबले जाते. पाकिटावर 58 रुपये आणि बिलात 62 असेल, तर पाच पाकिटांमागे 20 रुपये जास्त गेले. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांच्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. अशा बदलानंतर जुन्या-नव्या किमतींचा माल एकाच रॅकवर येतो, तेव्हा जास्तच लक्ष ठेवा.

आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, आणि त्या किमतीत सगळे कर आलेले असतात. किंमत कमी करणारे स्टिकर चालते, पण त्याखाली मूळ किंमत झाकली जाता कामा नये. किंमत वाढवणारे स्टिकर चालतच नाही. हे सगळे सिद्ध करायला पाकीटच लागते. औसा-रेणापूरहून लातूरला येऊन महिन्याचा किराणा नेणाऱ्यांनी घरी पोचल्यावर आधी बिल जुळवावे, मग डबे भरावेत. फरक निघाला तर पाकिटावरची किंमत आणि बिल यांचा एकत्र फोटो काढून त्याच दिवशी दुकानाला फोन करा. थर्मल कागदावरची शाई उडते, त्यामुळे बिलाचा फोटो तसाही काढून ठेवाच.

रॅकवरच्या पट्टीचे प्रकरण वेगळे आहे. पट्टीवर 99, बिलात 110 आणि एमआरपी 120 असेल, तर एमआरपीचा नियम कामाला येत नाही. पट्टीचा फोटो लागतो आणि तो दुकानात असतानाच काढावा लागतो. ऑफरची तारीखही त्या पट्टीवरच वाचा.

सुट्ट्या डाळीचे लेबल वाचा

वजनकाट्यावरच्या माणसाने चुकीचा कोड दाबला की साध्या तूरडाळीला फटका डाळीचा भाव लागतो. पुढे कॅशियर फक्त लेबल स्कॅन करतो, त्याला चूक कळायचे कारणच नाही. म्हणून लेबलावरचे नाव, किलोचा दर आणि वजन काट्यापाशीच बघा. माल ठेवण्याआधी काटा शून्यावर हवा आणि डबा किंवा जाड पिशवी असेल तर तिचे वजन वजा व्हायला हवे.

सुट्टे: काउंटर सोडण्याआधी

नोट देताना "पाचशे दिले" असे मोठ्याने म्हणा आणि परत आलेले पैसे तिथेच मोजा. पैसे खिशात गेले की तुमची बाजू कमकुवत होते.

तरीही उशिरा लक्षात आले तर वाद घालत बसू नका. सुपरवायझरला बिल क्रमांक, काउंटर क्रमांक, वेळ आणि दिलेली नोट सांगून त्या काउंटरची कॅश जुळवायला सांगा. पाचशेची नोट दोनशेची समजली गेली असेल, तर गल्ल्यात बरोबर 300 रुपये जास्त निघतात. लगेच मोजणी शक्य नसेल तर ती शिफ्ट संपताना होतेच. तक्रार लिहून द्या, पोच घ्या आणि सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवायला सांगा.

सुट्ट्यांऐवजी चॉकलेट घेण्याची सक्ती नाही. मराठवाड्यात अजूनही कित्येक ठिकाणी दहाचे नाणे कोणी घेत नाही. ते खोटे असल्याची भीती निराधार आहे. दहाच्या नाण्याचे सगळे 14 नमुने चलनात असल्याचे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच स्पष्ट केले आहे.

यूपीआय अडकले तर घाईने दुसऱ्यांदा देऊ नका

खात्यातून पैसे गेले आणि दुकानाला मेसेज आला नाही, तर आधी ॲपमध्ये व्यवहाराची स्थिती आणि 12 अंकी यूटीआर क्रमांक बघा. दुकानदाराला पैसे पोचल्याची खात्री मिळाली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे बँकेने रोज 100 रुपये भरपाई द्यायची असते. ही तक्रार बँकेकडे करायची, दुकानाशी भांडून उपयोग नाही.

तक्रार योग्य ठिकाणी न्या

एमआरपी आणि वजनाची तक्रार जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र (वजन-मापे) कार्यालयात करा. सुट्टे, ऑफर किंवा परतावा नाकारल्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 ला नोंदवा, तिथे मराठीत बोलता येते. त्यानेही भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पुण्यात झालेल्या खरेदीसाठी परभणीच्या ग्राहकाला पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.