गल्फच्या नोकरीसाठी एजंटला पैसे देताना, आणि ते अडकल्यावर

एजंटने पैसे घेतले, व्हिसा आलाच नाही, असं सांगत येणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा पावती नसते. रक्कम रोख दिलेली, तीही गावाकडच्या ओळखीच्या सबएजंटच्या हातात. म्हणून केसची तयारी पैसे देण्याच्या दिवसापासूनच करायची.

आधी परवाना. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ऑफिसात लावलेल्या प्रमाणपत्राचा फोटो काढा आणि तो नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परवाना चालू असला पाहिजे, नाव आणि पत्ता बोर्डाशी जुळला पाहिजे. 'आमच्या पार्टनरचं लायसन्स आहे' हे उत्तर आलं की उठून बाहेर पडा.

एजंटला सेवा शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४००. लाखभर मागणारा एकतर ३० हजारांची पावती देतो, नाहीतर देतच नाही. पैसे परवानाधारक फर्मच्या खात्यातच भरा, 'मॅनेजर'च्या गूगल पेवर नको. रिमार्कमध्ये 'दुबई वेल्डर नोकरी, सेवा शुल्क' असं लिहा.

रोख देऊन बसला असाल तरी हातपाय गाळू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज टाका: 'भाई, ४ तारखेला ऑफिसात दिलेल्या ८० हजारांची पावती कधी मिळेल?' 'देतो, थांब जरा' एवढं उत्तर आलं तरी पैसे पोहोचल्याची कबुली झाली. मात्र नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा तो फोन विकू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका.

ऑफर लेटर आलं की दोन गोष्टी बघा. पहिली, व्हिसावरचं पद. इथे 'हेवी ड्रायव्हर' सांगतात आणि अरबी व्हिसावर मजूर लिहिलेलं असतं. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. दुसरी, मूळ पगार. यूएईत ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी रक्कम, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगारावर मिळते. एकूण १,८०० दिरहम लिहून बेसिक ८०० ठेवला असेल, तर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ५६० दिरहमच हातात पडतात. बेसिकच १,८०० असता तर १,२६० पडले असते.

दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट सहसा ईसीआर, म्हणजे 'जाण्याआधी मंजुरी आवश्यक' या प्रकारचा असतो. अशांना आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुंबईचं ते ऑफिस बीकेसीतल्या विदेश भवनात आहे. ही पायरी टाळायला एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतो, 'तिकडे गेल्यावर बदलून देतो' म्हणतो. तसं गेलात की नोंदलेला करार नाही आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचं १० लाखांचं कवचही नाही, ज्याचा दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये आहे.

आता फसलात तर. पोलीस ठाण्यात हमखास ऐकू येतं, 'हा पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा.' बऱ्याचदा दोष अर्जाच्या भाषेचा असतो. 'पैसे परत देत नाही' असं लिहिलं की ती उधारीच वाटते. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, म्हणून असं लिहा: 'परवाना नसताना आहे असं सांगितलं, बनावट व्हिसा दाखवला आणि त्यावर विश्वास ठेवून मी अमुक तारखेला अमुक रक्कम दिली.' भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि उत्प्रवासन कायदा, दोन्हींचा उल्लेख करा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ऑफिस दुसऱ्या हद्दीत असलं तरी 'झिरो' नंबरने गुन्हा नोंदवता येतो. नोंदवलाच नाही तर अर्ज पोस्टाने डीसीपींकडे (पोलीस उपायुक्तांकडे) पाठवा, आणि तिथेही दाद नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. एजंटने पासपोर्ट अडकवला असेल तर तेही लिहा; पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते.

पैसे परत मिळवायला ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. एजंटला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही.

वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा, किंवा मुंबई शहर वा उपनगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि मानवी तस्करीचे बळी यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि घटनाक्रमाचं एक पान सोबत न्या.

माणूस आधीच तिकडे अडकला असेल, तर त्याने भारतीय दूतावासात आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करावी. दूतावासाकडे असलेल्या समुदाय कल्याण निधीतून गरजूंना कायदेशीर मदत आणि परतीचं तिकीटही मिळू शकतं. दुबईत थकलेल्या पगाराची तक्रार तिथल्या कामगार मंत्रालयात होते. ५० हजार दिरहमपर्यंतच्या वादात मंत्रालयच निर्णय देतं. राजीनाम्यावर किंवा 'सगळे पैसे मिळाले' अशा कागदावर न वाचता सही करायची नाही, तो अरबीत असेल तर मुळीच नाही.

इकडची केस घरच्यांनी चालवायची असेल तर त्याच्याकडून दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र मागवा आणि ते हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत हुकली की दंड भरल्याशिवाय ते कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.