कंबरलँड ते कॉन्फ्लुअन्स: शंभर किलोमीटर आणि मधली एक कॉफी

मी नाशिकची. कसाऱ्याला गाडी थांबायची, मागे बँकर इंजिन लागायचं आणि इगतपुरीपर्यंत गाडी हळूहळू चढायची, हे लहानपणापासून पाहिलंय. थळ घाटाचा चढ 37 मीटरला 1 मीटर. म्हणून अमेरिकेत पिट्सबर्गला आल्यावर कुणी म्हणालं, ‘रेल्वेच्या जुन्या मार्गावर सायकल चालवायची, सगळं सपाटच,’ तेव्हा मला ते पटलं नाही.

ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज हा पिट्सबर्ग ते कंबरलँड असा 150 मैलांचा, म्हणजे सुमारे 240 किलोमीटरचा सायकलमार्ग. मी सांगतेय तो कंबरलँड ते कॉन्फ्लुअन्स हा भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा. ही लाइन 1912 मध्ये सुरू झाली, 1975 मध्ये बंद पडली. कंबरलँडहून निघालात की शंभर मीटरला जास्तीत जास्त पावणेदोन मीटर चढ. डोळ्यांना तो जाणवतही नाही, पण जवळपास 38 किलोमीटर संपत नाही.

दमायला होतं ते याच कारणाने. साध्या रस्त्यावर चढ आला की उतारही येतो, पाय सुटतात, आपण सीटवरून उठतो. इथे पाय एकदाही थांबत नाहीत. तीच बैठक, तीच पकड, तासन्‌तास. तळवे बधिर होतात, मांड्यांच्या आत घासतं. रस्ता विश्रांती देत नाही, म्हणून ती आपण आधीच ठरवून घ्यायची. माझी कॉफी त्यासाठी असते.

टायर निदान 35 मिलिमीटर रुंद हवेत, कारण वाट चुनखडीच्या बारीक कचेची आहे. मी 38 चे वापरते आणि हवेचा दाब 40 पीएसआयच्या आसपास ठेवते. गच्च हवा भरली तर प्रत्येक खडा मनगटात जाणवतो. पॅड असलेली सायकलची चड्डी घाला, आत दुसरं काही नको, आणि जिथे घासतं तिथे निघण्यापूर्वीच व्हॅसलीन लावा. जास्तीची ट्यूब, पंप, पुढचा दिवा हवाच. पातळ विंडचीटर तर उन्हाळ्यातही हवा, का ते पुढे येईलच.

नवरा सकाळी मला कंबरलँडला सोडतो, पिट्सबर्गहून गाडीने साधारण दोन तास. मैलांचे खांब इथूनच शून्यापासून सुरू होतात. पहिले पाच मैल मुद्दाम हळू जा, बोलता येईल इतक्याच दमाने. नंतर दर पाच मैलांनी पेडलवर उभं राहून तीस फेरे मारा आणि एकेक हात झटका. फ्रॉस्टबर्गपर्यंत शेजारी पर्यटकांच्या गाडीचे रूळ आहेत, आणि ब्रश बोगदा तर गाडीचा आणि आपला एकच. गाडी आत असेल तर बाहेर थांबा.

फ्रॉस्टबर्ग साधारण 16 व्या मैलाला येतं. स्टेशन खाली, गाव वर. त्या शेवटच्या चढाला घाबरून बरेच जण गावात न जाता पुढे निघतात. तुम्ही जा, लागलं तर सायकल ढकलत. मेन स्ट्रीटवर जिथून सायकल दिसेल अशी जागा पकडा. आधी हातमोजे काढा, बोटं उघडमीट करा. मग कॉफी घ्या, लहान कप, दूध कमी. मोठा कप भरून दूध घेतलं की पुढच्या चढावर पोटात डुचमळतं. मी सोबत गूळपोळी नेते. ती डब्यात मोडते, पण तिचे तुकडे गरम कॉफीबरोबर फार छान लागतात, आणि तिळगुळाने पुढचा तासभर दम टिकतो. जाण्यापूर्वी बाटल्या भरून घ्या.

वीस मिनिटांत उठायचं. पहिल्या वेळी मी पाऊण तास बसले. घामाने भिजलेला शर्ट अंगावरच गार झाला, गुडघे आखडले, आणि पुढे बिग सॅव्हेज बोगद्यात शिरले तेव्हा दात वाजत होते. बोगदा 3,294 फुटांचा, म्हणजे एक किलोमीटर. आतली हवा भर उन्हाळ्यातही थंडगार असते. तेव्हापासून कॉफीला बसण्याआधी शर्ट बदलते आणि बोगद्याच्या तोंडाशी विंडचीटर चढवते. तिथे मागे वळून नक्की बघा, दरीपलीकडे डोंगरांच्या रांगा दिसतात. थोडं आधी मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे मेरीलँड राज्याची सीमा, ओलांडून तुम्ही पेनसिल्व्हेनियात आलेले असता.

बोगद्यानंतर लवकरच 2,392 फुटांवर जलविभाजक येतो. इथून पूर्वेचं पाणी अटलांटिककडे, पश्चिमेचं मेक्सिकोच्या आखाताकडे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात जन्मून पूर्वेला निघालेल्या गोदावरीच्या काठी वाढलेल्या मला इथे दरवेळी थांबावंसं वाटतं.

पुढे उतार आहे, पण तोही मंद, पेडल मारावंच लागतं. मायर्सडेल 32 व्या मैलाला. पाणी भरा, दुसरी कॉफी नको. लगेच सॅलिसबरीचा 1,908 फूट लांब पूल लागतो, तिथे वारा आडवा येतो, हँडल सैल पण पक्कं धरा. नंतर कॅसलमन नदी सोबत करते, ते तास मला सगळ्यात आवडतात.

बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद असतो, म्हणून डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत हा बेत आखू नका. पावसानंतर दोन दिवस थांबा, ओली कच चेनमध्ये शिरते. 62 व्या मैलाला, कॉन्फ्लुअन्सला पोचलात की सायकल गाडीवर चढवण्याआधी जुन्या टूथब्रशने चेनवरची पांढरी भुकटी झाडून घ्या, ती वाळली की निघत नाही.