जवळच्या बागेचा इतिहास कसा शोधायचा (सारसबागेचं उदाहरण घेऊन)

बहुतेक लोक गेटवरची कोनशिला वाचतात आणि झाला इतिहास. पण तिच्यावर उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं एवढंच असतं, म्हणजे बागेचं बारसं कळतं, जन्म नाही.

म्हणून आधी जागा नीट बघा आणि पाणी कुठून यायचं ते शोधा. पुण्याच्या सारसबागेत हिरवळीवर उभं राहून गणपतीकडे बघा, देऊळ वर, आपण खाली, आणि पाणी म्हणाल तर देवळाजवळचं कमळांचं तेवढंच. मग नाव 'तळ्यातला गणपती' कसं? कारण आपण उभे आहोत तेच तळं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी आंबिल ओढ्याच्या पाण्यावर ते केलं, मधे बेट ठेवलं, बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या वेळी गणपती बसला, तळं नंतर बुजवलं. नाव मात्र राहिलं. बंड गार्डनचंही तेच, बंड म्हणजे नदीवरचा बंधारा. त्यामुळे म्हातारी माणसं बागेला काय म्हणतात ते पहिलं लिहून घ्या.

मग कागद. १८८५ चं पुण्याचं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, नेटवर फुकट मिळतं, फक्त सर्च करताना 'Poona' असं जुनं स्पेलिंग टाका. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि पेशवे दफ्तर हवं असेल तर पुरालेखागार, पण तिथं मोडी वाचणारं कुणीतरी सोबत न्या नाहीतर नुसते कागद बघून परत याल.

महापालिकेच्या काळातल्या बागांसाठी माहिती अधिकार. अर्जाला १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. मी पहिल्यांदा एका ऑफिसात 'बागेचा इतिहास द्यावा' असं लिहिलं होतं, उत्तर आलं 'माहिती उपलब्ध नाही', आणि खरं सांगायचं तर चूक माझीच, असा इतिहास कुणी फाइलला लावून ठेवत नाही. कागदाचं नाव घेऊन मागा: ठरावाची प्रत, भूसंपादनाचा आदेश, मंजूर नकाशा. सिटी सर्व्हे नंबर टाकला तर अजून बरं.

शेवटी माणसं. सकाळी बाकावर बसणाऱ्या आजोबांना 'कोणत्या साली?' विचारू नका, साल कुणालाच आठवत नाही, आणि आठवलंच तर चुकीचं असतं. 'पानशेतच्या आधी की नंतर?' असं विचारा, म्हणजे पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला त्याच्या. आमच्या शेजारचे काका छातीठोक सांगायचे की पानशेतच्या आधी ते पेशवे पार्कातल्या फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीत, बसले होते, मला वाटायचं फेकतायत. पूर आला १२ जुलै १९६१ ला, फुलराणी सुरू झाली १९५६ मध्ये. काका बरोबर होते, मग मी त्यांना मुकाट्यानं भेळ खायला घातली.